मॉनिटर तापतो आणि घोंघावतो, तेव्हा काय करावे

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडून काम सुरू केले की थोड्याच दिवसांत दोन तक्रारी ऐकू येतात. रात्री घर शांत झाले की टेबलावरून सतत घरघर ऐकू येते, आणि मॉनिटरच्या मागच्या बाजूला हात लावला तर तो चांगलाच तापलेला लागतो. या दोन तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. मॉनिटर जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीतच येते, आणि ती उष्णता बाहेर टाकण्याचे काम कुठे पंखा करतो, तर कुठे नुसत्या जाळीतून वर चढणारी हवा करते. त्यामुळे पंख्याचा आवाज दाबण्याच्या मागे लागण्यापेक्षा उष्णताच कमी निर्माण होईल अशी व्यवस्था करावी. पंखा मग आपोआप मंदावतो. मात्र त्याआधी आवाज नेमका कोठून येतो हे ठरवलेच पाहिजे, नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते.

आवाज कोणाचा आहे हे ओळखणे

घरी किंवा कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या बहुसंख्य मॉनिटरांमध्ये पंखा नसतोच. २४ इंची साधा एलईडी मॉनिटर साधारण १५ ते २५ वॅट वीज घेतो, २७ इंची फोर-के मॉनिटर ३० ते ५० वॅटपर्यंत जातो, आणि एवढी उष्णता बाहेर टाकायला पाठीवरच्या फटी पुरेशा होतात. पंखे आढळतात ते खास प्रकारच्या मॉनिटरांत. २०१८ साली आलेल्या एसुस पीजी२७यूक्यू आणि एसर एक्स२७ या गेमिंगच्या मॉनिटरांत एनव्हिडियाचे जी-सिंक मॉड्यूल (पडद्याचा वेग ग्राफिक्स चिपशी जुळवणारा भाग) थंड ठेवण्यासाठी पंखा दिलेला होता. २०२२ च्या अ‍ॅपल स्टुडिओ डिस्प्लेमध्ये तर ए१३ बायोनिक ही फोनमधली चिप, लॅपटॉपला ९६ वॅटपर्यंत वीज पुरवणारा वीजपुरवठा आणि दोन पंखे हे सगळे एकाच पातळ कवचात बसवलेले आहे. काही ओएलईडी (प्रत्येक बिंदू स्वतः उजळणाऱ्या) आणि अतिशय प्रखर एचडीआर (उजळ आणि गडद भागांतला फरक ठळक दाखवणाऱ्या) मॉनिटरांतही पंखे असतात. आपल्या मॉनिटरात पंखा आहे की नाही, हे त्याच्या प्रारूपाचे (मॉडेलचे) नाव आणि माहितीपत्रक पाहून आधी पक्के करून घ्यावे. पंखा नसेल, तर आवाज लॅपटॉपचा, अडॅप्टरचा किंवा आतल्या एखाद्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, आहे.

आवाज शोधण्याची एक साधी आणि खात्रीची रीत अशी आहे. छताचा पंखा बंद करावा, खिडकी लावून घ्यावी आणि वर्तमानपत्राच्या दोन पानांची घट्ट नळी करावी. नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे टोक जाळीपासून चार बोटे अंतरावर धरावे आणि सावकाश फिरवत न्यावे: आधी लॅपटॉपच्या बिजागरीजवळ, मग मॉनिटरच्या वरच्या कडेवर, मग पाठीच्या मधोमध, आणि शेवटी जमिनीवर पडलेल्या अडॅप्टरवर. नुसत्या कानाला जो आवाज सगळ्या टेबलावर पसरलेला वाटतो, तो नळीतून एका ठिकाणी एकदम मोठा होतो. टेबलाच्या फळीवरून आणि मागच्या भिंतीवरून आवाज परतत असल्यामुळे कान सहज फसतो. म्हणून ही पायरी अनावश्यक मानू नये.

त्यानंतर दोन चाचण्या कराव्यात. पहिली म्हणजे मॉनिटर चालू ठेवून फक्त चित्राची केबल लॅपटॉपमधून काढावी. दोन-तीन मिनिटांत घरघर उतरली, तर पंखा बहुधा लॅपटॉपचा आहे. दुसरी म्हणजे मॉनिटरचा ब्राइटनेस १०० वरून २० पर्यंत हळूहळू खाली आणावा. ब्राइटनेस हलताक्षणीच आवाजाची पट्टी बदलली किंवा तो नाहीसा झाला, तर तो पंखा नसून कॉइलचा गुणगुणाट आहे. कारण पंखा तापमानाकडे पाहून वेग बदलतो आणि तापमान उतरायला वेळ लागतो. पडद्यावर आडव्या बारीक रेघांचा तक्ता उघडला की वाढणारा आणि काळे चित्र आणले की थांबणारा आवाजही कॉइलचाच असतो.

पंखा लॅपटॉपचा निघाला तर

अनुभव असा आहे की ‘मॉनिटरचा आवाज’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा इथेच येऊन थांबतात. मॉनिटर जोडण्यापूर्वी गप्प असणारा लॅपटॉप मॉनिटर जोडताच घोंघावू लागतो, याला ठोस कारणे आहेत आणि त्यातली बरीचशी दूर करता येतात.

पहिले कारण ग्राफिक्स चिपचे. ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधील साधी आणि एनव्हिडिया किंवा एएमडीची वेगळी अशा दोन ग्राफिक्स चिपा असतात, त्यांतील पुष्कळांचे एचडीएमआय पोर्ट थेट वेगळ्या चिपला जोडलेले असते. तिथे केबल लावली की एरवी झोपून राहणारी ती चिप, आपण केवळ पत्र टंकत असलो तरी, जागी राहते. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ या पानावर मॉनिटर निवडला की तो कोणत्या चिपला जोडलेला आहे हे लिहिलेले दिसते. तिथे वेगळ्या चिपचे नाव असेल, तर तोच मॉनिटर यूएसबी-सी पोर्टमधून जोडून पाहावा. अनेक लॅपटॉपांत ते पोर्ट प्रोसेसरमधील चिपवर चालते, आणि केवळ केबल बदलल्याने पंखा शांत होतो. २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये बाहेरचा मॉनिटर नेहमी रेडिऑन चिपवरच चालत असे. अशा यंत्रात लॅपटॉपचे झाकण लावून फक्त बाहेरच्या पडद्यावर काम केल्यास चिपवरचा भार लक्षणीय उतरतो. नव्या, अ‍ॅपलच्याच चिपा असलेल्या मॅकबुकांत वेगळी ग्राफिक्स चिप नसल्यामुळे हा प्रश्न बहुतांशी उरलेला नाही.

दुसरे कारण रिफ्रेश रेटचे, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने रंगवतो त्याचे. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणि ६० हर्ट्झचा लॅपटॉपचा पडदा एकाच वेळी चालू ठेवला, की अनेक ग्राफिक्स चिपांना आपल्या मेमरीचा वेग खाली आणता येत नाही आणि काहीही काम नसताना त्या वीज खात राहतात. लिखाण, हिशेब, संकेतलेखन (प्रोग्रॅमिंग) अशा कामांसाठी मॉनिटर ६० किंवा १२० हर्ट्झवर आणावा; खेळताना पुन्हा वाढवता येतो. एवढ्याने फरक पडला नाही, तर एक पडदा बंद ठेवून पाहावे.

तिसरे कारण डॉकचे, म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टला अनेक जोडण्या देणाऱ्या डबीचे. डिस्प्लेलिंक तंत्रावर चालणारे डॉक चित्र यूएसबीतून पाठवण्यासाठी ते आधी प्रोसेसरकडून आवळून घेतात, आणि त्यामुळे पडद्यावर हालचाल असेपर्यंत प्रोसेसर राबत राहतो. असा डॉक वापरात असेल आणि लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून थेट चित्र बाहेर येत असेल, तर मधला डॉक काढून टाकणे हाच उपाय आहे.

शेवटी मांडणीकडे पाहावे. बहुतेक लॅपटॉप गरम हवा बिजागरीच्या बाजूने मागे टाकतात, आणि आपण नेमका त्याच मागच्या बाजूला, चार बोटांवर, मॉनिटर उभा करतो. ती हवा मॉनिटरवर आदळून काही अंशी परत लॅपटॉपच्या खाली ओढली जाते आणि उरलेली मॉनिटरच्या खालच्या फटींतून आत शिरते, म्हणजे दोन्ही यंत्रे एकमेकांना तापवतात. लॅपटॉप मॉनिटरच्या समोरून काढून एका बाजूला, उंच स्टँडवर ठेवावा. याला खर्च जवळजवळ नाही आणि परिणाम त्याच दिवशी कळतो.

उष्णता मॉनिटरचीच असेल तर

मॉनिटर किती वीज घेतो हे सर्वांत जास्त त्याच्या ब्राइटनेसवर ठरते. एलसीडी पडद्यामागे दिव्यांचा थर सतत जळत असतो आणि त्या प्रकाशाचा दहावा हिस्साही आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाही. उरलेला सगळा ध्रुवक, रंगगाळण्या आणि पडद्याचे इतर थर यांत शोषला जाऊन उष्णता बनतो. कारखान्यातून मॉनिटर बहुधा दुकानात उठून दिसेल अशा प्रखरतेवर ठेवलेला येतो. साध्या मॉनिटरची कमाल प्रखरता २५० ते ३५० निट (प्रखरतेचे एकक) असते, तर घरातल्या सामान्य उजेडात काम करायला १०० ते १५० निट पुरेसे होतात.

मोजण्याचे यंत्र जवळ नसले तरी योग्य प्रखरता पुरेशी जवळपास लावता येते. नेहमीच्या दिव्याच्या उजेडात एक कोरा पांढरा कागद पडद्याच्या कडेला लागून धरावा आणि पडद्यावर कोरे पान उघडावे. पडदा दिव्यासारखा उजळ आणि कागद करडा दिसत असेल, तर दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणत जावा. पहिले दोन-तीन दिवस पडदा अंधुक वाटतो, मग डोळे रुळतात, आणि संध्याकाळी डोळ्यांवर येणारा ताणही कमी झाल्याचे जाणवते. या सगळ्या मार्गदर्शनातून एकच गोष्ट करायची असेल, तर ही करावी.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पडद्याची पार्श्वभूमी काळी केल्याने मॉनिटर थंड राहतो हे ओएलईडीच्या बाबतीत खरे आहे, कारण तिथे प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि काळा बिंदू वीज घेत नाही. साध्या एलसीडीत मात्र मागचे दिवे तसेच जळत असतात. काळी पार्श्वभूमी डोळ्यांना बरी वाटत असेल तर जरूर ठेवावी, पण तिच्यामुळे उष्णता कमी होत नाही.

एचडीआर हे दुसरे मोठे कारण. विंडोजमध्ये एचडीआर कायम चालू राहिले की अनेक मॉनिटर मागचे दिवे पूर्ण जोरात नेऊन ठेवतात आणि ब्राइटनेसचे बटणही निकामी होते. चित्रपट किंवा खेळ सुरू करताना विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणे एकदम दाबून एचडीआर चालू करावे आणि काम संपले की त्याच बटणांनी बंद करावे. पंखा असलेल्या मॉनिटरांत एवढ्या एका बदलाने पंख्याचा वेग उतरलेला स्पष्ट ऐकू येतो.

तिसरी बाब यूएसबी-सीतून होणाऱ्या चार्जिंगची. एकाच केबलने चित्र आणि चार्जिंग दोन्ही होते ही सोय मोठी आहे, परंतु लॅपटॉप ६५ वॅट ओढत असताना मॉनिटरच्या आतला वीजपुरवठा दहा टक्के वीज उष्णतेत घालवत असेल, तर मॉनिटरच्या पोटात सहा-सात वॅटची भर पडते. ज्या मॉनिटराची स्वतःची गरजच २५ वॅट आहे, त्याला ही भर थोडी नाही. उन्हाळ्यात लॅपटॉप स्वतःच्या चार्जरवर ठेवून पाहावा. पाठीचा तापलेला भाग अर्ध्या तासात निवलेला हाताला कळतो.

मॉनिटर बंद केल्यावरही तो कोमट राहत असेल किंवा पंखा फिरत असेल, तर मेनूमध्ये ‘स्टँडबायमध्ये यूएसबी चार्जिंग’ आणि ‘क्विक स्टार्ट’ या सोयी शोधून बंद कराव्यात. ओएलईडी मॉनिटर मात्र बंद झाल्यावर काही मिनिटे पिक्सेल रिफ्रेश (पडद्यावरचे बिंदू पुन्हा सारखे करण्याची क्रिया) करत असतो आणि त्या वेळी पंखा चालू राहणे स्वाभाविक आहे. तेव्हा भिंतीवरचे बटण बंद करून त्याचे काम अर्धवट तोडू नये.

खोली आणि मांडणी

पंखा नसलेल्या मॉनिटरात थंड हवा खालच्या फटींतून आत शिरते, तापते आणि वरच्या फटींतून बाहेर पडते. ही वाट मोकळी राहावी म्हणून मॉनिटरच्या मागे आणि वर निदान १० सेंटिमीटर जागा सोडावी. कपाटाच्या खणात बसवलेला मॉनिटर, वरच्या कडेवर ठेवलेली वही किंवा टॉवेल, आणि काम संपताच लगेच घातलेले प्लास्टिकचे आवरण ही तापण्याची नेहमीची कारणे आहेत. मॉनिटर उभा फिरवून वापरायचा असेल, तर फटी कोणत्या बाजूला जातात ते पाहून घ्यावे.

किती तापमानापर्यंत मॉनिटर चालवावा याची मर्यादा माहितीपत्रकात दिलेली असते. ती बहुधा ४० अंश सेल्सिअस असते. अ‍ॅपल स्टुडिओ डिस्प्लेसाठी ती ३५ अंशच आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोली दुपारी ४० अंश सहज ओलांडते, म्हणजे तिथे मॉनिटर मर्यादेबाहेर चालवला जात असतो. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे (वीज साठवणाऱ्या घटकांचे) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधील सर्वमान्य ठोकताळा आहे, आणि उन्हाळ्यात ‘अचानक’ बंद पडणाऱ्या मॉनिटरांमागे पुष्कळदा हेच कपॅसिटर असतात. अशा दिवसांत भर दुपारी ब्राइटनेस उतरवावा आणि टेबलफॅन कमी वेगावर ठेवून त्याची हवा मॉनिटरच्या पाठीवरून आडवी जाऊ द्यावी. हवा गरम असली तरी ती मॉनिटरच्या पाठीपेक्षा थंडच असते, त्यामुळे तिचा उपयोग होतो. वाळ्याच्या कूलरची हवा मात्र थेट मॉनिटरवर घेऊ नये, कारण तिच्याबरोबर पाण्याचे तुषार येतात.

खोलीच्या उकाड्यात मॉनिटरचा वाटा किती, हेही प्रमाणात पाहावे. ४० वॅटचा मॉनिटर खोलीत ४० वॅट उष्णता सोडतो, तर स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट आणि जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास. दोन मोठे मॉनिटर आणि खेळासाठीचा संगणक असेल तर बंद खोलीत उकाडा जाणवेल; एकट्या २४ इंची मॉनिटरमुळे खोली तापते असे म्हणता येणार नाही.

गुणगुणाट आणि इन्व्हर्टर

कॉइलचा आवाज धोकादायक नसतो, पण कानाला फार टोचतो. वीजपुरवठ्यातील कॉइलमधून वाहणारा प्रवाह झपाट्याने बदलतो, तशी तिची तार सूक्ष्म प्रमाणात थरथरते. पुष्कळ मॉनिटर ब्राइटनेस कमी करताना दिवे अतिशय वेगाने चालू-बंद करतात आणि त्या लयीची शीळ ऐकू येते. ब्राइटनेस पाच-दहा अंकांनी वरखाली करून शांत जागा सापडते का ते पाहावे, आणि मॉनिटर वॉरंटीत असेल तर बदलून मागावा. आतून याच्यावर घरगुती उपाय नाही.

आवाज फक्त वीज गेल्यावर येत असेल, तर दोष मॉनिटराचा नसतो. आपल्याकडे घरोघरी असलेल्या इन्व्हर्टरांपैकी स्वस्त प्रकारचे इन्व्हर्टर चौकोनी तरंगाची वीज देतात, आणि तिच्यावर छताचा पंखा जसा घूं करतो तसाच मॉनिटरचा अडॅप्टरही गुणगुणतो. यावर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस हाच खरा उपाय आहे. स्पाइक गार्ड लावून काही साधत नाही. चरचर असा तुटक आवाज येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो सैल प्लगातील ठिणग्यांचा असू शकतो. वीज ताबडतोब बंद करून सॉकेट इलेक्ट्रिशियनला दाखवावे.

सफाई आणि दुरुस्ती

फटींवर जमलेली धूळ हवेची वाट अडवते, आणि कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेत ती पंख्याच्या पात्यांवर थापल्यासारखी घट्ट बसते. सफाईसाठी मॉनिटर बंद करून प्लग काढावा, अर्धा तास थांबावे, आणि रंगकामाचा एक इंची कोरडा मऊ ब्रश फटींवरून फिरवत असताना व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड शेजारी, दोन बोटे अंतरावर धरावे, म्हणजे सुटलेली धूळ आत न पडता ओढली जाते. ब्लोअरने जोरात हवा मारू नये. त्याने धूळ आणखी आत जाते आणि पंखा प्रमाणाबाहेर वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

मॉनिटर घरी उघडू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. २३० व्होल्ट वीज आत दिष्ट (डीसी) रूपात आली की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहू शकतात. आवाजाला कंटाळून पंख्याची तार काढून टाकण्याचा सल्लाही काही जण देतात. तो पाळल्यास मॉनिटर तापून बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे बंद न पडता आतून खराब होत राहतो.

सुरू करताना खरखरणारा आणि तापल्यावर गप्प होणारा पंखा बेअरिंग झिजल्याची खूण देत असतो. वॉरंटी असेल तर अधिकृत सेवा केंद्रात न्यावा, आणि नेण्यापूर्वी शांत खोलीत, मॉनिटरपासून हातभर अंतरावरून, फोनवर आवाजाचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे, कारण केंद्राच्या गजबजाटात तो आवाज कोणालाच ऐकू येत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. वॉरंटी संपली असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात बदली पंखा मिळू शकतो, पण तो बसवण्याचे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे. पंखा घेताना आकार, व्होल्टेज आणि तारांची संख्या जुन्याशी तंतोतंत जुळवावी. तीन तारांच्या पंख्यातली तिसरी तार वेग कळवण्यासाठी असते आणि ती नसेल तर पंखा बंद पडला असे मॉनिटर समजू शकतो.

नवा मॉनिटर घ्यायचा असेल, तर त्याच प्रारूपाचे युरोपीय ऊर्जा लेबल पाहावे. १ मार्च २०२१ पासून युरोपात मॉनिटरांवर ए ते जी अशी श्रेणी छापणे बंधनकारक आहे आणि तिच्या खाली १००० तासांच्या वापरातील किलोवॅट-तास दिलेले असतात. हा आकडा म्हणजेच मॉनिटरची सरासरी वॅट होय: २६ लिहिले असेल तर २६ वॅट. एचडीआरचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि तो पहिल्याच्या दुप्पट असेल तर त्या मॉनिटरात पंखा आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. वीजपुरवठा बाहेरच्या अडॅप्टरमध्ये असलेले प्रारूप मिळत असेल तर तेच घ्यावे, कारण त्या अडॅप्टरची उष्णता मॉनिटरच्या कवचाबाहेर, टेबलाखालीच राहते.